धारावी बेटावरील उत्तन : महानगराच्या कडेवरील एका दुर्गम गावाचे जीवन व भवितव्य – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिम टोकास धारावी बेटावर वसलेले उत्तन हे मच्छीमारांचे गाव मुंबईच्या अगदी शेजारी असूनही दीर्घकाळ दुर्गम राहिले. प्रस्तुत शोधनिबंधात या दुर्गमतेची कारणे, तिच्या आश्रयाने टिकून राहिलेले लोकजीवन व अर्थव्यवस्था, तसेच १९९० नंतर बदललेले प्रशासकीय स्वरूप यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. गावाची मूळची दुर्गमता खाडी व खाजण यांमुळे होती. आज रस्ता झाला, परंतु गावाविषयीचे निर्णय जेथे होतात तेथून गाव दूर गेले, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : धारावी बेट, उत्तन, कोळीवाडा, डोलजाळे, ग्रामपंचायत, महानगरपालिका, सामाईक जागा.

प्रस्तावना :
'दुर्गम खेडे' असे म्हटले की सामान्यतः सह्याद्रीच्या कुशीतील एखादी वाडी, मेळघाटातील एखादा पाडा किंवा इंडोनेशियासारख्या द्वीपसमूहातील एखादे दूरचे बेट डोळ्यांसमोर येते. महानगरालगतच्या गावाला दुर्गम म्हणणे अनेकांना विसंगत वाटेल. परंतु दुर्गमता केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. दवाखाना, शाळा, बाजार व सरकारी कचेरी यांपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ आणि तेथे आपले म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता या दोन्ही गोष्टींचा तिच्यात समावेश होतो. या दृष्टीने पाहिल्यास पश्चिम रेल्वेच्या भाईंदर स्थानकापासून अवघ्या आठ-दहा किलोमीटरवर असलेले उत्तन हे दुर्गमतेच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे उदाहरण ठरते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या निबंधात येणारे 'धारावी' म्हणजे मुंबई शहरातील माहीमलगतची सुप्रसिद्ध वस्ती नव्हे. साष्टीच्या वायव्येस, वसईच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या बेटाचे हे जुने नाव असून तारोडी येथील धारावी देवीच्या मंदिराच्या रूपाने ते आजही प्रचलित आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी, राई, मुर्धा, मोर्वा, गोराई, मनोरी इत्यादी गावे या परिसरात मोडतात.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) धारावी बेटाच्या दुर्गमतेची भौगोलिक व ऐतिहासिक कारणे शोधणे.
२) उत्तनच्या मासेमारीवर आधारित अर्थव्यवस्थेचे स्वरूप व तिच्यात झालेले बदल समजून घेणे.
३) ग्रामपंचायत ते महानगरपालिका या स्थित्यंतराचा गावाच्या भवितव्यावर झालेला परिणाम तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

भौगोलिक रचना आणि दुर्गमता :
धारावी बेटाच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी आणि दक्षिणेस व आग्नेयेस मनोरी-गोराईची खाडी आहे. पूर्वेस भाईंदरच्या बाजूला पूर्वी खाजण, तिवरांचे रान व मिठागरे पसरलेली होती. भरतीच्या वेळी या सखल भागात पाणी शिरत असे. बेटाच्या मध्यभागी टेकड्यांची रांग असून तिच्या पश्चिम उतारावर, समुद्राकाठी मच्छीमारांची दाट वस्ती आहे. पूर्वेकडील राई, मुर्धा, मोर्वा या गावांत मात्र भातशेती व भाजीपाला हे उपजीविकेचे साधन होते. अशा रीतीने एकाच बेटावर दर्या, शेत आणि मीठ या तीन अर्थव्यवस्था शेजारी-शेजारी नांदत होत्या. टेकडीवरील सरपण, ताडमाडांची झाडे व गोड्या पाण्याच्या विहिरी यांवर सर्वांचाच निर्वाह अवलंबून होता.

या रचनेमुळे उत्तनचा बाहेरच्या जगाशी संबंध दीर्घकाळ जलमार्गानेच राहिला. गोराई व मनोरीच्या खाड्यांतून तरीने पलीकडे जाता येत असे. वसईची बाजारपेठ खाडीपलीकडे होती. म्हणजे ज्या समाजाचा व्यवसायच होडीवर अवलंबून होता त्याच्या दृष्टीने हे गाव मुळीच एकाकी नव्हते. जमिनीवरून प्रवास करणाऱ्यांना ते दूर वाटे. वाहतुकीचे साधन होडीऐवजी रेल्वे व मोटार झाले, तेव्हा हेच गाव 'आडबाजूचे' ठरले. उत्तनच्या इतिहासातील ही पहिली महत्त्वाची बाब होय.

सत्तांतरांच्या काळातील बेट :
सोळाव्या शतकापर्यंत हा प्रदेश गुजरातच्या सुलतानाच्या अमलाखाली होता. १५३४ मध्ये सुलतान बहादूरशहाने केलेल्या तहान्वये वसई व तिच्या अमलाखालील मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. पुढील दोनशे वर्षांत वसई हे पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांताचे' प्रमुख केंद्र बनले. याच काळात बेटावरील कोळी, आगरी, भंडारी, कुणबी इत्यादी समाजांतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. डोंगरी, उत्तन या गावांतील चर्च त्या परंपरेची साक्ष देतात. धर्म बदलला तरी व्यवसाय, पोशाख, लग्नातील चालीरीती आणि मराठीची स्थानिक बोली यांत फारसा फरक पडला नाही. होडीची पूजा करणारा हिंदू कोळी आणि होडीला धर्मगुरूंचा आशीर्वाद घेणारा ख्रिस्ती कोळी हे दोघेही भरती-ओहोटीचा हिशेब चंद्राच्या तिथीवरूनच करीत राहिले.

१७३७ ते १७३९ या वसई मोहिमेत धारावी बेटाला लष्करी महत्त्व प्राप्त झाले. वसईच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या चौकच्या टेकडीवरून खाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवता येत असे. वसईच्या किल्ल्याला समुद्रमार्गे मिळणारी रसद रोखावयाची तर हे ठाणे हाती असणे आवश्यक होते. चिमाजी अप्पांनी हे ओळखले होते. १७३९ मध्ये धारावीचे ठाणे मराठ्यांनी घेतले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईचा पाडाव झाला. चौक येथील किल्ल्याचे अवशेष आज अल्प असले तरी त्या मोहिमेतील या बेटाचे स्थान इतिहासात नोंदलेले आहे.

१७७४ च्या डिसेंबरमध्ये इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. वसई मात्र मराठ्यांकडे परत गेली. त्यामुळे पेशवाईच्या अखेरपर्यंत वसईची खाडी ही दोन राज्यांमधील सीमा बनली. सीमेवरील गावांना सत्तेच्या दृष्टीने महत्त्व असते, परंतु त्यांच्या विकासाची जबाबदारी घेण्यास कोणी उत्सुक नसतो. धारावी बेटाचा अनुभव याहून वेगळा नव्हता.

पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई-ठाणे परिसरातील मूळच्या ख्रिस्ती समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. गोवा व मंगळूरकडून मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, येथलेच भूमिपुत्र आहोत हे सरकारदरबारी ठसविणे हा त्यामागील हेतू होता. 'आम्ही येथले मूळचे' ही जाणीव उत्तनमध्ये पुढे झालेल्या प्रत्येक आंदोलनाच्या मुळाशी आढळते.

रेल्वे, मीठ आणि बाजूला पडलेले गाव :
१८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईला ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. भाईंदर हे या मार्गावरील महत्त्वाचे ठिकाण ठरले, कारण त्याच्या अवतीभोवती विस्तीर्ण मिठागरे होती. खाजणाला बांध घालून भरतीचे पाणी अडवावयाचे, उन्हात ते आटवून मीठ काढावयाचे, हा या किनाऱ्यावरील जुना उद्योग होता. 'आगर' या शब्दावरून ज्यांचे नाव पडले तो आगरी समाज या कामात निष्णात होता. दूरच्या बाजारपेठांकडे जाणाऱ्या मिठाला रेल्वेमुळे जलद मार्ग मिळाला आणि भाईंदर भरभराटीस आले.

उत्तनला या भरभराटीचा लाभ फारसा झाला नाही. मासळी हा नाशवंत माल असून बर्फाच्या अभावी ती ताजी असताना रेल्वेपर्यंत नेणे कठीण होते. खाजणातून जाणारी वाट पावसाळ्यात बंद पडे. त्यामुळे उत्तनच्या बाजारव्यवहारात ताज्या मासळीइतकेच किंबहुना अधिक महत्त्व सुक्या मासळीला आले. दुर्गमतेवर गावाने शोधलेला हा उपाय होता. बोंबील, जवळा, मांदेली व वाकटी सुकवून ठेवली की बाजार दूर असला तरी माल वाया जात नाही, आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असताना घर चालते. म्हणून सुकवण्याची जागा हीच या गावाची खरी भांडवली मालमत्ता ठरली. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

दर्याचे अर्थकारण :
उत्तनच्या मासेमारीचा मुख्य आधार डोलजाळे हा होय. समुद्राच्या तळाशी खुंट रोवून त्यांना पिशवीच्या आकाराचे लांब जाळे बांधले जाते. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी जाळ्यात शिरते. या पद्धतीत मासळीचा पाठलाग करावा लागत नाही. प्रवाहाचे ज्ञान मात्र अचूक असावे लागते. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाला जोर असल्याने मासळी अधिक मिळते, तर भांगाच्या दिवसांत काम मंदावते. म्हणजे महिन्यातील कामाचे व विश्रांतीचे दिवस चंद्रच ठरवितो.

जाळे लावण्याच्या समुद्रातील जागेला 'कव' असे म्हणतात. ही जागा कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. वापराने, वारशाने आणि गावाच्या संमतीने ती त्या त्या कुटुंबाची वा गावाची मानली जाते. कवींवरून गावागावांत तंटे झालेले आहेत. उत्तन-वसईकडील मच्छीमार उत्तरेस सरकत गेल्याने सातपाटी, डहाणू भागातील मच्छीमारांशी त्यांचा दीर्घकाळ वाद राहिला आहे. तरीही समुद्रातील हक्काची अशी अलिखित व्यवस्था शतकानुशतके चालत आली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

किनाऱ्यावरचे अर्धे अर्थकारण स्त्रियांच्या हाती असते. होडी लागल्यावर मासळीची निवड करणे, बोंबील बांबूच्या आडव्या काठ्यांवर जोडीजोडीने टांगणे, जवळा जमिनीवर पसरणे, ऊन व वारा पाहून तो उलटणे आणि टोपली घेऊन भाईंदर, बोरिवली, मालाडच्या बाजारांत विक्रीस बसणे ही सर्व कामे त्या करतात. मुंबईतील मरोळचा सुक्या मासळीचा बाजार हा या किनाऱ्यावरील गावांच्या मालाचे जुने केंद्र आहे. घरातील रोकड बहुधा स्त्रीच्याच हाती असल्याने कोळी समाजातील स्त्रीला मिळणारा मान केवळ सांस्कृतिक नसून त्याला आर्थिक आधार आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात सरकारी कर्ज व सहकारी संस्था यांच्या साहाय्याने शिडाच्या होड्यांना इंजिने बसली. सुती व तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. बर्फामुळे ताजी मासळी दूरवर जाऊ लागली. यामुळे उत्पन्न वाढले, पक्की घरे झाली, मुले शिकू लागली. परंतु खर्चही वाढला. डिझेल, बर्फ, जाळी व खलाशांचा पगार यांसाठी प्रत्येक फेरीला रोख रक्कम हाताशी असणे आवश्यक झाले. पूर्वी होडीवर घरचीच माणसे असत. आता नाखवाला पालघरच्या आदिवासी पाड्यांतून अथवा उत्तर भारतातून आलेल्या खलाशांवर अवलंबून राहावे लागते. गावातील शिकलेली तरुण पिढी नोकरीकडे वळली, हे त्याचे एक कारण आहे.

याच काळात समुद्रावरील स्पर्धाही तीव्र झाली. ट्रॉलर व पर्ससीन जाळ्यांच्या वाढत्या वापराविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी वारंवार आवाज उठविला. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आणि २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर आलेले निर्बंध ही त्याची फलिते होत. परंतु अंमलबजावणी अपुरी असल्याची तक्रार कायम राहिली. १९७४ मध्ये मुंबई हायच्या क्षेत्रात खनिज तेल सापडल्यानंतर समुद्राचा काही भाग मासेमारीस वर्ज्य झाला, तर भूकंपलहरींच्या साहाय्याने होणाऱ्या तेलसर्वेक्षणामुळे ऐन हंगामात जाळी उचलावी लागतात, अशीही तक्रार आहे. २०१९ मधील 'क्यार' व 'महा' ही वादळे, २०२० मधील 'निसर्ग' आणि मे २०२१ मधील 'तौक्ते' यांनी हंगामाचे दिवस आणखी कमी केले. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये राज्यातील सागरी मासळीचे उत्पादन सुमारे दोन लाख टनांपर्यंत घसरले. हा गेल्या ४५ वर्षांतील नीचांक होता.

ग्रामपंचायत ते महानगरपालिका :
उत्तनच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक बदल मात्र समुद्रात घडला नाही. तो प्रशासनात घडला. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द उत्तरेकडे वाढविण्यात आली तेव्हा बेटावरील गोराई व मनोरी मुंबईत गेली आणि उत्तनसह उरलेली गावे ठाणे जिल्ह्यात राहिली. एकाच बेटाचे असे दोन प्रशासकीय तुकडे झाले. पुढे १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायतींचे एकत्रीकरण करून मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. १९९० मध्ये राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन व वरसावे या ग्रामपंचायतींचा तिच्यात समावेश करण्यात आला. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले.

येथे कालक्रमाकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. उत्तनची ग्रामपंचायत १९९० मध्ये संपुष्टात आली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, २४ एप्रिल १९९३ रोजी, ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायत व ग्रामसभा यांना घटनात्मक स्थान प्राप्त झाले. देशातील लक्षावधी खेड्यांना आपल्या विकासाविषयी एकत्र बसून बोलण्याचे व्यासपीठ ज्या क्षणी घटनेने दिले, त्या क्षणी उत्तन हे कायद्याच्या दृष्टीने खेडे राहिलेले नव्हते. मासेमारी, शेती, गावठाण, सण-उत्सव या सर्व बाबतींत जीवन गावाचे, परंतु शासन मात्र शहराचे, अशी विसंगती निर्माण झाली.

या विसंगतीला लोकसंख्यावाढीने अधिक धार आणली. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ मध्ये १,७५,६०५ होती. ती २००१ मध्ये ५,२०,३८८ आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. ही वाढ प्रामुख्याने रेल्वेच्या दोन्ही बाजूंस व मीरा रोड परिसरात झाली. परिणामी ९५ सदस्यांच्या महापालिकेत किनाऱ्यावरील गावांचा आवाज संख्येनेच क्षीण झाला. शहराचे पाणी, रस्ते, कचरा व वाहतूक हे प्रश्न तातडीचे होते, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांची उत्तरे शोधताना 'मोकळी जागा' म्हणून ज्या भागाकडे बोट दाखविले गेले तो भाग बहुतेक वेळा धारावी बेटच होता.

खाडीपलीकडील वसई तालुक्यात याच स्वरूपाचा प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अनेक गावांनी त्यातील समावेशास तीव्र विरोध केला आणि २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला. तो प्रश्न पुढे न्यायालयात दीर्घकाळ रेंगाळला. उत्तनबाबत मात्र समावेश आधीच, फारशी चर्चा न होता पार पडला होता.

'मोकळी जागा' ही संकल्पना आणि प्रकल्प :
एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोराई-मनोरी-उत्तन परिसरात पर्यटनाधारित विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. धारावी बेट बचाव समितीच्या माध्यमातून ख्रिस्ती व हिंदू, कोळी व शेतकरी असे सर्वजण त्याविरुद्ध एकत्र आले. दोन जिल्ह्यांत विभागलेले बेट या आंदोलनाने पुन्हा एक केले, असे म्हणता येईल. हे विशेष आर्थिक क्षेत्र प्रत्यक्षात आले नाही.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा. वाढत्या शहराचा घनकचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर आणला जाऊ लागला. कचऱ्याला लागणाऱ्या आगी, धूर, दुर्गंधी आणि डोंगरउतारावरून शेतांत झिरपणारे दूषित पाणी यांविरुद्ध ग्रामस्थांनी मोर्चे काढले आणि राष्ट्रीय हरित लवादाकडेही दाद मागण्यात आली. ज्या टेकडीवरून सरपण येई व जिच्या पायथ्याच्या विहिरींवर गाव पाणी भरत असे, तीच टेकडी शहराच्या लेखी टाकाऊ जागा ठरली.

तिसरा प्रश्न मेट्रो ९ च्या कारशेडचा. प्रथम ती राई-मुर्धा-मोर्वा परिसरात प्रस्तावित होती. तेथील शेतकरी व रहिवाशांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे नेण्याचा निर्णय झाला. २०२४-२५ मध्ये त्यासाठी हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला पुन्हा तीव्र विरोध झाला. याखेरीज उत्तन-विरार सागरी सेतूच्या प्रस्तावामुळे कवींच्या जागा व होड्यांचे मार्ग यांवर परिणाम होईल अशी भीती मच्छीमारांना वाटते.

या सर्व प्रकल्पांकडे केवळ 'विकास विरुद्ध विरोध' अशा दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. उत्तनमधील रहिवाशांनाही चांगला रस्ता, पुरेसे पाणी, सुसज्ज रुग्णालय व मुलांसाठी महाविद्यालय हवेच आहे. मेट्रोने प्रवास करणारे अनेकजण याच गावांतील असतील. प्रश्न आहे तो मोजमापाचा. मासळी सुकवण्याची जागा, होड्या ओढण्याची पुळण, गुरचरण, डोंगरउतार आणि समुद्रातील कव या पाचही गोष्टी बहुधा कोणा एकाच्या नावावर नसतात. सरकारी दप्तरात त्या 'शासकीय' किंवा 'पडीक' म्हणून दिसतात. ज्या जागेवर एका हंगामात शेकडो कुटुंबांचा चरितार्थ वाळत असतो ती जागा नकाशावर रिकामी दिसते. नुकसानभरपाईचा हिशेब सातबाऱ्यावरून होतो, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्याचे नुकसान शून्य ठरते. १९९१, २०११ व २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनांमुळे किनाऱ्यावरील बांधकामांवर नियंत्रण आले. परंतु कोळीवाड्यांच्या व सामाईक जागांच्या सीमा निश्चित करून त्या लोकांच्या नावे नोंदविण्याचे काम राज्यभर संथ राहिले.

अन्य देशातील अनुभव :
या संदर्भात इंडोनेशियाचा अनुभव उद्बोधक आहे. हजारो बेटांच्या त्या देशात दुर्गम गावांचा प्रश्न अधिक व्यापक आहे. तेथे २०१४ मध्ये संमत झालेल्या ग्राम कायद्याने गावाला (तेथील भाषेत 'देसा') स्वशासनाचा अधिकार मान्य केला आणि २०१५ पासून केंद्रीय अंदाजपत्रकातून सुमारे पंचाहत्तर हजार गावांना थेट निधी दिला जाऊ लागला. या निधीच्या वापरात गैरव्यवहाराच्या तक्रारीही झाल्या. तरीही रस्ता आधी की विहीर आधी, हे ठरविण्याचा हक्क गावाकडे आला.

त्याच देशातील आचे प्रांतात 'पांगलिमा लाओत', म्हणजे समुद्राचा प्रमुख, ही जुनी संस्था आहे. एका खाडीतील मच्छीमारांमधील तंटे सोडविणे, मासेमारीचे वर्ज्य दिवस ठरविणे व संकटात सापडलेल्या होड्यांना मदत पाठविणे ही तिची कामे होत. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर दरवर्षी त्या दिवशी समुद्रात न जाण्याचा नियम या संस्थेने केला. २००६ च्या आचे शासन कायद्याने तिला पारंपरिक संस्था म्हणून मान्यता दिली. उत्तनमध्ये कवींची व्यवस्था, तांडेलाचा मान, गावकीचा निर्णय या गोष्टी होत्या व काही अंशी आजही आहेत. फरक असा की आचेमध्ये त्यांना कायद्याने ओळखले. येथे कायद्याच्या दृष्टीने त्यांचे अस्तित्वच नाही. शिवाय समुद्र महापालिकेच्या अखत्यारीत येत नाही. मत्स्यव्यवसाय विभाग, सागरी मंडळ, सागरी पोलीस व किनारा क्षेत्र प्राधिकरण यांत तो विभागला गेला आहे. मच्छीमाराला आपल्या एका प्रश्नासाठी अनेक दारे ठोठवावी लागतात.

भवितव्याच्या दिशा :
उत्तनचे भवितव्य काळोखे आहे असे म्हणणे योग्य होणार नाही. सुमारे ऐंशी-नव्वद लाख रुपयांच्या होडीपेक्षा किनाऱ्यावरील चार गुंठे सुकवण्याची जागा अधिक दिवस घर चालवू शकते, हे जाणणारी पिढी अद्याप गावात आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु केवळ परंपरेवर विसंबून चालणार नाही. सुक्या मासळीसाठी स्वच्छ ओटे, शीतगृह व बाजारात स्त्रियांना हक्काची बसण्याची जागा मिळाल्यास या व्यवसायाचे मूल्य वाढू शकते. २०२३ मध्ये राज्य शासनाने पापलेटला राज्य मासा घोषित केले. या मान्यतेचा लाभ लहान पापलेट न पकडण्याच्या शिस्तीत रूपांतरित झाला तर तो मच्छीमारांच्याच हिताचा ठरेल. भाईंदर-वसई रो-रो सेवा २०२४ मध्ये सुरू झाली. ज्या खाडीने एकेकाळी ही गावे जोडली होती तिचा वाहतुकीसाठी पुन्हा उपयोग होऊ लागला, ही आशादायक घटना आहे.

मात्र यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी गावाचे म्हणणे मांडण्याचे एक अधिकृत स्थान लागते. महानगरपालिका क्षेत्रातही प्रभाग समिती व क्षेत्रसभा यांची तरतूद कायद्यात आहे. उत्तन-डोंगरी-चौक-पाली या गावांसाठी तिचा खऱ्या अर्थाने वापर झाल्यास १९९० मध्ये गमावलेल्या ग्रामपंचायतीची उणीव अंशतः भरून निघू शकेल.

निष्कर्ष :
१) धारावी बेटाची मूळची दुर्गमता खाडी व खाजण यांतून आली होती. जलमार्गाच्या युगात ती जाणवत नव्हती. रेल्वे व रस्त्यांच्या युगात ती निर्माण झाली.
२) या दुर्गमतेने गावाला सुकी मासळी, कवींची व्यवस्था, स्त्रियांचा बाजारातील सहभाग आणि सामाईक जागांचा वापर अशी स्वतःची अर्थव्यवस्था दिली.
३) १९९० मध्ये ग्रामपंचायत संपुष्टात आल्याने उत्तन ७३ व्या घटनादुरुस्तीच्या लाभांपासून वंचित राहिले. रस्त्याने गाव जवळ आले, निर्णयप्रक्रियेत ते दूर गेले.
४) सामाईक जागांची नोंद नसणे हे गावापुढील सर्वांत मोठे संकट आहे. सुकवण्याच्या जागा, पुळण व कोळीवाड्याच्या सीमा यांचे मोजमाप आणि नोंदणी हे काम कोणत्याही प्रकल्पाच्या आधी होणे आवश्यक आहे.

उत्तनचा प्रश्न हा एका गावापुरता मर्यादित नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या कडेवरील अनेक कोळीवाडे, आगरी गावे व आदिवासी पाडे याच स्थितीतून जात आहेत. चौकच्या टेकडीवरून पाहिल्यास एका बाजूस वसईचा किल्ला व दुसऱ्या बाजूस भाईंदरच्या उंच इमारती दिसतात. खाली किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात. त्या किनाऱ्याची नोंद कोणाच्या नावे आणि कोणत्या कामासाठी होते, यावर या गावाची पुढील पिढी दर्यावर जाईल की नाही हे ठरणार आहे.